मेलेत याची खात्री

कर्जत,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय नमू,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तुझ्याहून जेमतेम दोन पावसाळे जास्त पाहिलेल्या बाईने आशीर्वाद काय द्यायचे, म्हणून नुसतं प्रेम. साईराजना नमस्कार सांग. दिवाळी संपली की फार्महाऊसवाले मुंबईहून यायला लागतात, तेव्हा त्यांना बागांच्या कामातून मान वर करायला मिळत नसेल. आमच्याकडे सगळं बरं. जितेशची सकाळची पाळी आहे. घरच्या भाताची कापणी झाली, झोडणी राहिली आहे. आई सध्या माझ्याकडेच राहते. गावात करमत नाही म्हणते.

हे पत्र तीच घेऊन येईल. पत्राची कल्पनाही तिचीच. म्हणाली, "फोनवर तुमी दोगी एकमेकीचं आयकून घेत नाय. लिव तिला. लिवलेलं मानूस शेवटपातूर वाचतं तरी." तू माझा फोन उचलतच नाहीस, हे मी तिला सांगितलेलं नाही.

आत्ता मध्येच उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंद होता. हल्ली असंच चाललंय, एका जागी बसवत नाही.

नमू, तू म्हणाली होतीस, तो कारखाना सोड, मगच माझ्या दारात ये. मी सोडला नाही आणि तुझ्या दारातही आले नाही. तुला वाटलं असेल, हिला नोकरी बहिणीपेक्षा मोठी. तुझ्या बाळाला दवाखान्यात दिलेले जिवाणूंचे थेंब आमच्या कारखान्यातले नव्हते, हे तुला तेव्हाही माहीत होतं. तरी तू ते बोललीस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही बोलले असते. काचेच्या पेटीतलं एवढंसं पोर. त्याच्या रक्तात तेच जिवाणू सापडले जे पोट बरं राहावं म्हणून त्याला पाजले होते. तो त्यानेच गेला की मुळातच अशक्त होता म्हणून गेला, हे कुठल्याच डॉक्टरला छातीठोक सांगता आलं नाही. कुणाला तरी दोष देता आला असता तर तुला जरा झोप तरी लागली असती.

मी नोकरी सोडली नाही, पण काम बदलून मागितलं. ते तुला कधी सांगायलाच मिळालं नाही, म्हणून आज लिहिते. नको असेल तर इथून पुढचं वाचू नकोस.

आमच्याकडे आता जिवाणू मारून वापरायचं काम चालू आहे. जिवंत जिवाणू धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाहीत. पण शरीर फार कमजोर असेल तर ते आतड्यातून रक्तात शिरू शकतात आणि तिथे वाढतात. मेलेले वाढणार कसे? आणि मेल्यावरही ते पोटाला थोडेफार उपयोगी पडतात असं दिसतंय. म्हणून आधी ते वाढवायचे, मग मोठ्या टाकीत वाफेवर तापवून मारायचे, सुकवायचे आणि त्यांची पावडर करायची. पुढे ती नाचणीच्या सत्त्वात, बिस्किटांत, म्हाताऱ्यांच्या आणि लहान मुलांच्या खाण्यात घालायची असा बेत आहे.

तिची सुरक्षितता तपासायचं काम माझ्याकडे आहे. झुहेब सर आमचे प्रमुख आणि उझमा माझ्या हाताखाली. ती तळोज्याहून येते, हुशार आहे, बोलते फार. या जिवाणूंच्या अंगात काही विष आहे का, औषधांना दाद न देण्याचा गुण ते दुसऱ्या जंतूंना देतील का, उंदरांना महिनोन् महिने खायला घातले तर त्यांच्या काळजा-मूत्रपिंडाला काही होतं का, हे सगळं तपासून झालं. सगळं चांगलं आलं. शेवटची परीक्षा सगळ्यात सोपी असते. पावडर पाण्यात कालवायची, जिवाणूंचा खुराक ओतलेल्या प्लेटवर पसरायची, उबेत ठेवायची आणि वाट बघायची. काही उगवलं नाही म्हणजे सगळे मेले.

गेल्या आठवड्यात उझमाने मला हाक मारली. "ताई, जरा इकडे या." तिचा आवाजच असा होता की मी हातातलं टाकून गेले. एका प्लेटवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके होते.

प्लँटचे मॅनेजर म्हणाले, कुणाचा तरी हात लागला असेल, पुन्हा करा. पुन्हा केलं. दुसऱ्यांदा काही उगवलं नाही. आता ते म्हणतात, झालं ना, करा सही. मी केलेली नाही. ही पावडर पुढच्या महिन्यात माणसांना खायला देऊन बघायची आहे, आधी मोठ्यांना आणि मग हळूहळू लहानांना.

बस पकडायला धावले म्हणून सकाळी आई ओरडली. ती कशावरूनही ओरडते हल्ली.

उत्तर लिही असं म्हणत नाही. वाच फक्त.

तुझी,
ताई


कर्जत,
१ डिसेंबर २०२४

प्रिय नमू,

आई म्हणाली, तू पत्र दारात उभ्या उभ्या वाचलंस. दोनदा वाचलंस म्हणे. मग घडी घालून आत घेऊन गेलीस आणि तिला विचारलंस, "जेवून जाशील ना?" माझ्याबद्दल काही नाही. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं, काहीच कसं नाही बोलली? शेवटी वैतागून म्हणाली, "आगं, परत नाय केलं ना पत्र? मंग?"

म्हणून दुसरं लिहिते आहे. पहिलं अर्धवटच राहिलं होतं.

ते ठिपके आम्ही सोडले नाहीत. माणसाच्या हातावरचे जंतू वेगळे असतात, ते ओळखू येतात. हे तसे नव्हते. टाकीत जे वाढवतो, तेच. म्हणजे मारायला घातलेल्यांपैकी काही जिवंत बाहेर आले होते आणि वाळून पावडरीत निजून होते. मूठभर पावडरीत एखादाच असेल, म्हणून एकदा सापडला आणि दुसऱ्यांदा नाही. तुला वाटेल, एखाद्याने काय होतं? बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांच्यासाठी ही पावडर करायची, ते काही बहुतेकांतले नाहीत.

खालापूरला, प्लँटवर मीटिंग झाली. मी बोलत असताना मॅनेजर मोबाईल बघत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरी जे झालं ते वाईटच झालं. पण तेव्हापासून तुम्हाला सगळीकडे तेच दिसतंय."

त्यांना ते कुणी सांगितलं, देव जाणे. वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. मग म्हटलं, "घरी झालं म्हणून मी दोनदा बघते, हे खरं आहे. पण प्लेटवर उगवलंय ते माझ्या घरून आलेलं नाही. तुमच्या टाकीतून आलंय."

ते म्हणाले, टाकीचं तापमान आलेखावर आहे, बघा ना, एकसारखं आहे. होतंही एकसारखं. झुहेब सरांनी मला विचारलं, "अक्षदा, तुला काय करायचंय?"

"टाकी तापवताना मला तिथे उभं राहायचंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली बस पकडून गेले. उझमाही आली. टाकी माणसाच्या दुप्पट उंच. वाफ सोडली की तिथला उकाडा अंगावर बसतो. मधलं तापमान ठीक, वरचं ठीक. तळाशी माल काढायचा एक आखूड नळ आहे. त्याचं झाकण बंद असताना त्यात थोडा माल अडकून राहतो. मी तिथे तापमान मोजायला लावलं. वर सगळं उकळत होतं आणि नळातला माल आंघोळीच्या पाण्याइतकासुद्धा कढत नव्हता. वाफ तिथवर पोचतच नव्हती. झाकण उघडलं की तो कच्चा माल आधी बाहेर पडायचा आणि बाकीच्यात मिसळायचा.

सापडलं, असं म्हणायला मी उझमाकडे वळले आणि मला अंधारी आली.

पडले नाही, घाबरू नकोस. उझमाने धरलं, बाहेर कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "ताई, दिवस गेलेत ना तुम्हाला? प्लेटांचा खुराक शिजवतो त्या खोलीतला वास सहन होत नाही, प्लेटा सगळ्या मला ओतायला लावता. मला कधीचंच कळलंय."

नमू, मला पाचवा लागला आहे.

हे वाक्य लिहायला मी तीन आठवडे घेतले. मागच्या पत्राच्या शेवटी लिहायचं होतं. हात तिथवर आला आणि मी बस आणि आईचं ओरडणं लिहून मोकळी झाले. आई माझ्याकडे राहते ती त्यासाठी. तुला सांगायचं नाही असं मीच तिला बजावलं होतं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्याकडे येऊन पोटात ते ठेवून जेवली, तिला किती जड गेलं असेल.

कुठल्या तरी लग्नात कुणा काकूकडून तुला हे कळू नये, एवढंच मला वाटत होतं. आणि तू रीत म्हणून हसत येऊ नयेस. ओटी भरायला, हिरव्या बांगड्या घेऊन, चेहरा सावरत. तसं केलंस तर मला सोसणार नाही. डोहाळजेवण नको म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना. सासूबाई नाराज आहेत. असू देत.

आणि भीती वाटते. कुणाला सांगू? जितेशला सांगितलं की तो लगेच डॉक्टरला फोन लावतो. आईला सांगितलं की मीठमोहरी ओवाळते. पोटात हललं तरी भीती, आणि दुपारभर हललं नाही तरी भीती. दिवसभर मी दुसऱ्यांना सांगत असते की हे सुरक्षित आहे, हे नाही. माझ्यापुरतं मला काहीच सांगता येत नाही. तुझं सातव्यात झालं. मी तारखा मोजायच्या नाहीत असं ठरवते आणि मोजते.

ती भीती जिला न सांगता कळेल अशी एकच बाई आहे, आणि तिलाच हे ऐकवायचा मला हक्क नाही. तरी ऐकवलं. हे पत्र परत पाठवलंस तरी समजेन.

झुहेब सरांनी तो माल थांबवला. त्याच्या आधीचाही. माणसांना द्यायचा कार्यक्रम पुढे ढकलला. मॅनेजर माझ्याशी बोलत नाहीत.

तुझी,
अक्षदाताई


कर्जत,
१२ जानेवारी २०२५

नमू,

शुक्रवारी तू गेल्यापासून मी हे पत्र मनात लिहिते आहे. कागदावर काही उतरेना, म्हणून आज जितेशला बाहेर पाठवलं आणि दार लावून बसले.

गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, कुणी नम्रता म्हणून आल्यात, तेव्हा मला वाटलं आईला काही झालं. धावत आले. तू गेटबाहेर रिक्षाजवळ उभी होतीस, खांद्याला पिशवी, तोंड सुकलेलं. कशेळ्याहून जीप, मग खोपोलीची गाडी, मग रिक्षा. एकटी आलीस. जिथे पाऊल ठेवणार नाही म्हणाली होतीस तिथे. माझ्या पोटाकडे तू पाहिलं नाहीस. म्हणालीस, "ते मेलेत का, ते बघायचंय मला."

बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. पण झुहेब सरांनी काही न विचारता तुला कोट दिला आणि काचेच्या पलीकडून बघायची परवानगी दिली. तेव्हा मी त्यांना नीट धन्यवादही म्हटलं नाही, नंतर म्हटलं.

उझमाने प्लेटा एकेक करून काचेला लावल्या. नव्या मालाच्या. तो नळ आता काढला आहे, टाकीचा तळ बदलला आहे, आणि त्यानंतरचा सगळा माल आम्ही जास्त दिवस उबेत ठेवून पाहिला. प्लेटा कोऱ्या. तू काचेला हात लावलास आणि चटका बसल्यासारखा मागे घेतलास. मला कळलं, तुला कुठली काच आठवली. मी तुझ्या शेजारी उभी होते आणि तुला धरायचं धाडस होत नव्हतं.

मग तू विचारलंस, "रुद्रला हे का नाही दिलं?"

नमू, आम्ही सगळे त्याला बाळच म्हणत आलो. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नाही, असं धरून चाललो. तू त्याचं नाव ठेवलं होतंस. तू एवढे दिवस ते एकटीने मनात घेऊन वावरत होतीस आणि आमच्यापैकी कुणी साधं विचारलंही नाही.

मी तेव्हा एवढंच म्हटलं, "तेव्हा हे नव्हतं गं." ते खरं आहे, पण पुरेसं नाही. म्हणून नीट लिहिते.

हे असतं आणि दिलं असतं, तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. मेलेले जिवाणू त्याच्या रक्तात वाढले नसते, एवढं मी सांगू शकते. पण त्याचं पोट त्याने बरं राहिलं असतं का, तो तसाही फार लहान होता का, हे मला सांगता येणार नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी सांगणार नाही. ही पावडर तेवढ्या लहान मुलांना देण्याइतकी तपासून व्हायला अजून बरीच वर्षं जातील. कदाचित त्यांना ती कधीच देऊ नये असं ठरेल. तसं ठरलं तर तेही मीच लिहून देईन.

मोठ्या माणसांना द्यायच्या मालावर मी काल सही केली. तुला दाखवल्याशिवाय करायची नाही असं काही ठरवलं नव्हतं, पण तू येऊन गेल्यावरच हात चालला. आता बाळंतपणापर्यंत मला बसून करायचं काम दिलं आहे. प्लेटा उझमा बघेल.

ते बसायचं कामही तुझ्यामुळेच मिळालं. तू चहाला हात लावला नाहीस, माझ्याशी आणखी बोलली नाहीस, पण जाताना उझमाला म्हणालीस, "ही दिवसभर उभीच असते का? खुर्ची नाय का तुमच्याकडं?" उझमाने ते जसंच्या तसं सरांना जाऊन सांगितलं.

मी तुला गेटपर्यंत सोडायला आले. रिक्षात बसल्यावर तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंस. म्हणालीस, "सातवा कधी लागतो?"

"महिनाअखेरीला."

"मंग तू कशेळ्याला यायचं नाय. त्या जीपांत तर नायच. मी येते."

"कधी?"

"लागला की. आनि तो सरेपातूर राहते. आईला सांग, माझ्यासाठी आंथरून काढून ठेव."

मी रडले नाही, तूही नाही. रिक्षावाला भाड्यावरून कुरकुरत होता आणि तू त्याला म्हणालीस, "चला वो आता."

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. नावही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग पुटपुटली, "रुद्र." पुन्हा म्हणाली. जीभ त्या नावाची सवय करून घेत होती. मग उठली, देवापाशी दिवा लावला, आणि सूप ओढून घेतलं. निवडता निवडता मला म्हणाली, "थोरला त्यो. धाकटं येतंय, त्याला सांगाया पायजे, थोरला व्हता म्हनून."

मी सांगेन. तू असलीस तर आपण दोघी सांगू.

साईराजना सांग, तू इकडे असेपर्यंत त्यांनी जेवायला गावी स्वतःच्या आईकडे जायचं नाही, सरळ आमच्याकडे यायचं. रात्री मुक्कामही करायचा. तुझ्यासाठी खिडकीखालची जागा रिकामी केली आहे. मला अजून झोप लागत नाही, पण आता रात्री जाग आली की मी तारखा मोजत नाही. तू येण्याचे दिवस मोजते. ते कमी होत जातात.

ये.

तुझी ताई,
रुद्रची मावशी